काळी, पांढरी आणि प्लास्टिकची हिरवी

मराठी मुलखातील जुन्या गावाची जमीन दोन शब्दांत वाटलेली असे : पांढरी आणि काळी. वस्तीची ती पांढरी, कसण्याची ती काळी. त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा ‘गावगाडा’ ज्यांनी अभ्यासक्रमापुरता तरी चाळला असेल त्यांना ही जोडी परिचित असेल. आपण हे शब्द महसुली परिभाषा म्हणून वाचतो, समासात पेन्सिलीने अर्थ लिहितो आणि पुढे जातो. वास्तविक त्या दोन शब्दांत एक निर्णय आहे : माणसाने घर कुठे बांधावे आणि कुठे बांधू नये. या निर्णयाचा अर्थ आम्हांला उमगला तो परभणीच्या शिवारातील एक बिगरशेती भूखंड आणि तीन पावसाळे यांच्या साहाय्याने.

पांढरी ही बहुधा उंचवट्यावर असते. तिची माती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ढासळलेल्या भिंती, चुलीची राख, गोठ्यातील शेण यांचा थरावर थर. म्हणूनच पुरातत्त्वाचे अभ्यासक नदीकाठी फिरताना ‘पांढरीचे टेकाड’ शोधतात. घोड नदीच्या काठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जे ताम्रपाषाणयुगीन गाव उकरून काढले, तेही अशाच टेकाडांच्या पोटात होते. या मातीतून पाणी उतरते, आणि काळीइतकी ती फुगत-आकसत नाही. आजूबाजूला मैलोगणती सपाट, सुपीक काळी पसरलेली असताना लोक या टेकाडावर दाटीवाटीने राहत. त्यामागे चोराचिलटांची भीती होती, पिकाऊ जमीन वाचवण्याचा हिशेब होता आणि काळीत भिंत टिकत नाही हा अनुभवही होता.

आज पांढरीवर जागा नाही. शहरे काळीत शिरली आहेत. कापसाचे शेत बिगरशेती होते, त्यावर चुन्याच्या रेघा पडतात, आणि आमच्यासारखे पांढरपेशे भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेतून चाळीस बाय साठचा तुकडा घेतात. (पांढरपेशा आणि पांढरी यांचा व्युत्पत्तीने काही संबंध आहे असा आमचा दावा नाही, योगायोग तेवढा गमतीचा आहे.) आमच्या पगारात आणि आमच्या गावात जी जमीन मिळण्यासारखी होती ती काळीच होती; निवडीचा प्रश्न उद्भवलाच नाही. घर उभे राहिले, वास्तुशांत झाली. आमच्यापैकी एकाची आई आणि दुसरीच्या सासूबाई, ज्यांना आम्ही दोघेही आईच म्हणतो, गावचे घर बंद करून राहायला आल्या. त्यांनी अंगणात उभे राहून पायाच्या अंगठ्याने माती उकरली आणि म्हणाल्या, “काळी पिकवायची असती रे, तिच्यात राहायचं नसतंय.”

मराठी समीक्षेत ‘माती’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. ‘मातीशी नाळ’, ‘मातीतले लेखन’, ‘मातीचा गंध’ ही पदे आम्हीही वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकांत वाचून त्यांना गुण दिलेले आहेत. पण कोणती माती? भारी काळी, मध्यम, बरड, मुरमाड, चोपण, पाणथळ होऊन बिघडलेली चिबड? शेतकऱ्याच्या बोलीत माती हे सामान्यनाम जवळजवळ नाहीच. प्रत्येक मातीला तिच्या वागणुकीवरून नाव आहे. ग्रामीण साहित्यावरील प्रबंधात हे वागणुकीचे शब्द क्वचित आढळतात. गंधाची मात्र रेलचेल असते.

वागणूक म्हणजे काय हे आम्हांला शेजारच्या एका निवृत्त मृदाशास्त्रज्ञांनी दोन काचनळ्यांत दाखवले. आमच्या अंगणातील माती वाळवून, चाळून त्यांनी दहा-दहा ग्रॅम दोन नळ्यांत घातली. एकीत पाणी ओतले, दुसरीत रॉकेल. चोवीस तासांनी रॉकेलमधील माती होती तेवढीच होती. पाण्यातली तिच्या दुपटीच्या जवळ जाऊन पोचली होती. बांधकामाच्या प्रयोगशाळांत हीच साधी चाचणी प्रमाण म्हणून चालते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हाचा बेसाल्ट झाला, तो झिजून ही माती झाली. तिच्यातील माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे पापुद्रे आपल्यामध्ये पाणी ओढून घेतात आणि फुगतात. पाणी गेले की आकसतात. रॉकेलला ते जवळ करीत नाहीत. उन्हाळ्यात या मातीला गजभर खोल भेगा पडतात, त्या भेगा पहिला पाऊस घटाघटा पितात. एकदा का त्या मिटल्या की तीच माती सिमेंटच्या टाकीसारखी बंद होते आणि तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत घेते. तहानलेली असताना अधाशी, आणि पोट भरल्यावर तोंड मिटलेली.

घराला यातला ओलावा बाधत नाही. असमान ओलावा बाधतो. चारही बाजूंनी सारखी ओली किंवा सारखी कोरडी माती घराला एकसंध वर-खाली करील, आणि ते फारसे जाणवणारही नाही. पण उत्तरेला छताचे पाणी पडते, दक्षिणेला ऊन लागते, एका कोपऱ्यात कोणी हौसेने कडुनिंब लावलेला असतो आणि त्याची मुळे पायाखालचे पाणी शोषत असतात. मग एक कोपरा उचलला जातो, दुसरा बसतो आणि मधल्या भिंतीला जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची तिरपी चीर जाते. आमच्या कुंपणाच्या लोखंडी फाटकाची कडी श्रावणात खाचेत बसत नाही आणि चैत्रात आपसूक बसते. पावसाने लाकूड फुगते हे आपण जाणतो; लोखंड फुगत नाही. फुगते ती खांबाखालची जमीन.

अभियांत्रिकीने या मातीशी तह करण्याचे मार्ग शोधलेले आहेत आणि त्यांतले काही अस्सल देशी आहेत. सुमारे तीन-साडेतीन मीटरखाली ऋतूंचा हा खेळ पोचत नाही, म्हणून तळाशी कांद्यासारखा फुगीर गोळा असलेला काँक्रीटचा खांब तिथवर उतरवायचा, ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने देशभर रुजवली. आय.आय.टी. मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवले की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण घट्ट चिकटून राहणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसवला तर खालच्या फुगण्याला आळा बसतो. कालव्यांच्या अस्तरीकरणात ही युक्ती कामी आली. आपल्याकडे असा थर म्हणजे बहुधा मुरूम. गावचा मिस्त्री हे नाव न घेता तेच सांगतो : “काळी काढा, मुरूम भरा.”

आमच्या घराखाली खांब आहेत, म्हणून घर उभे आहे. अंगणाखाली काहीच नव्हते. पहिल्या पावसाळ्यात अंगणात नऊ दिवस पाणी उभे राहिले. दहाव्या दिवशी ते गेले, पण मागे जो चिखल राहिला तो पायाला चिकटून पावलागणिक वाढत जातो. चार पावलांत माणूस वीतभर उंच होतो. तुळशीवृंदावन दारापासून पंधरा पावलांवर. आई तिथवर जाताना दोनदा घसरल्या, दुसऱ्या वेळी मनगट मोडले. वय ब्याऐंशी. उन्हाळ्यात जोत्याच्या कडेने जमीन सुटली आणि त्या फटीत चपलेची कड जाईल एवढी भेग पडली. अंगण हे वर्षातून चार महिने ओलांडता येत नाही आणि चार महिने त्याच्याकडे पाहवत नाही, अशी स्थिती झाली.

पुण्याहून चिरंजीवांनी उपाय पाठवला. मोबाइलवर एक हिरवेगार चित्र आणि सोबत कोटेशन : पस्तीस मिलिमीटर उंचीचे गवत, चौरस फुटाला अमुक भाव, दोन दिवसांत काम. आमच्या ले-आउटमधील चार घरांनी हे केव्हाच करून घेतले होते. आषाढातही त्यांचे अंगण हिरवे, वैशाखातही हिरवे. चिखल नाही, तण नाही, कापणी नाही. आईंनी एका घरी जाऊन त्यावर हात फिरवला आणि विचारले, “याला गाय तोंड लावील का?” प्रश्न विनोदी नव्हता, त्यांच्या शब्दकोशात गवत म्हणजे जे गाय खाते ते.

या वस्तूची जन्मकथा मोठी उद्‌बोधक आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १९६५ साली छप्पर असलेले एक विराट क्रीडागार उघडले. छताचे तुकडे पारदर्शक होते, जेणेकरून आत खरे गवत वाढावे. पण त्यातून येणाऱ्या चकाकीने खेळाडूंना हवेतला चेंडू दिसेना. म्हणून छताला रंग फासला; प्रकाश गेला आणि गवत मेले. उरलेला हंगाम मेलेल्या गवताला हिरवा रंग देऊन पार पाडला गेला, आणि १९६६ मध्ये तिथे प्लास्टिकचे गवत अंथरले, जे त्या वास्तूच्या नावावरूनच ॲस्ट्रोटर्फ झाले. मराठी वाचकाला हा शब्द क्रीडापानाने शिकवला. १९७५ साली क्वालालंपूरच्या खऱ्या गवतावर हॉकीचा विश्वचषक जिंकणारा भारत १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम गवतावर सातवा आला, आणि तेव्हापासून ॲस्ट्रोटर्फ हा आपल्याकडे एका पराभवाचा खुलासा आहे. (जाता जाता : टेक्सासच्या अंतर्भागातील एका काळ्या, भेगाळणाऱ्या मातीला तिथले शास्त्रज्ञ ‘ह्यूस्टन ब्लॅक’ म्हणतात. ती आमच्या काळीच्याच कुळातली, आणि तिनेही तिकडच्या घरमालकांना पुरेसे रडवलेले आहे.)

या गवताबद्दल नाक मुरडणे सोपे आहे, आणि आमच्यासारख्या साहित्याच्या मास्तरांना तर ते फारच सोपे आहे : कृत्रिम विरुद्ध नैसर्गिक, प्रतिमा विरुद्ध वस्तू, एवढ्या भांडवलावर आम्ही तासभर व्याख्यान देऊ. ज्या बाईचे मनगट चिखलाने मोडले आहे तिच्यासमोर ते व्याख्यान देऊ नये. म्हणून आम्ही कोटेशन गांभीर्याने घेतले आणि प्रत्येक ओळ तपासली.

पहिली अडचण उन्हाची निघाली. प्लास्टिकचे गवत स्वतःतून पाणी बाष्परूपाने सोडू शकत नाही. खरे गवत सोडते आणि थंड राहते. भर उन्हात कृत्रिम गवताचे तापमान साठ-सत्तर अंशांच्या पुढे जाते. आमच्याकडे मे महिन्यात हवाच त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांची असते. आई आयुष्यभर अंगणात अनवाणी वावरल्या आहेत आणि वीस वर्षांच्या मधुमेहाने त्यांच्या तळपायांची संवेदना मंदावली आहे. चटका बसला तर तो त्यांना कळणार नाही. संध्याकाळी पाय पुसताना फोड दिसेल तेव्हा आम्हांला कळेल. मधुमेही पायाचा फोड म्हणजे काय हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. पाणी शिंपडून ते थंड करता येते म्हणतात. ज्या गावात नळ कधी येईल याचे दिवस मोजतात तिथे प्लास्टिकला पाणी घालायचे! शिवाय त्याचे तंतू झिजतात आणि पावसाबरोबर वाहून जातात. मैदानांवरील अशा गवतात जे रबराचे दाणे भरतात त्यांच्या विक्रीवर युरोपीय संघाने २०२३ मध्ये निर्बंध मंजूर केले आणि त्यासाठी २०३१ पर्यंतची मुदत दिली. घरगुती गवतात बहुधा वाळू भरतात, एवढाच दिलासा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती कोटेशनच्या शेवटी बारीक अक्षरात होती : ‘बेस तयार करून देणे ग्राहकाकडे.’ हा बेस म्हणजे काय? काळी माती हातभर काढायची, मुरमाचे थर पाणी मारून दाबायचे, वर बारीक खडीचा थर, घरापासून बाहेर जाणारा उतार, आणि कडेने पाणी वाहून नेणारा पाइप. हे केले नाही तर गवताच्या पाठीला कितीही भोके असोत, पाणी खाली जाऊन त्या बंद मातीवरच उभे राहणार. माती फुगली की गालिच्याला गाद्या येणार, आकसली की खळगे पडणार. शेजारच्या चारांपैकी दोन घरी नेमके तेच झाले आहे. आणि हे सर्व केले, तर चिखल होत नाहीच. मग वर काय अंथरायचे हा प्रश्न केवळ आवडीचा उरतो. ज्यासाठी ते गवत विकले जाते ते काम मुळात त्याच्या खालचा मुरूम करतो. विक्रेता मात्र मुरमाचे छायाचित्र पाठवीत नाही.

इथे आमच्या अध्यापनाशी निगडित एक शब्द मध्ये आला. ॲरिस्टॉटलच्या कॅथार्सिसला मराठीत ‘विरेचन’ म्हणतात, आणि वर्गात सोपे करून सांगताना आपण ‘भावनांचा निचरा’ म्हणतो. आम्ही तीस वर्षे म्हटले. परीक्षेत विद्यार्थी दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत लिहितात. पण विरेचन हा वैद्याचा शब्द आहे. त्यात कोठा रिकामा होतो. निचरा हा शेतकऱ्याचा शब्द. निचरा झालेली जमीन कोरडी ठणठणीत नसते. जादा पाणी निघून जाते, मातीच्या कणांना धरून असलेले पाणी राहते, आणि दोहोंच्या मध्ये हवा शिरते. त्या अवस्थेला आपल्याकडे ‘वाफसा’ असे नाव आहे. पेरणी वाफशावरच होते. करुणा आणि भीती यांचा शोकांतिकेने निचरा होतो असे म्हणताना, प्रेक्षक भावनाशून्य होऊन बाहेर पडतो असे आपल्याला म्हणायचे नसते. त्या भावना पेलण्याइतक्या उरतात असे म्हणायचे असते. ॲरिस्टॉटलच्या भाष्यकारांत शुद्धी की रेचन हा वाद शतकानुशतके चालला आहे. त्या वादात ‘निचरा’ हा आपला घरगुती शब्द रेचनापेक्षा अधिक नेमका आहे असे आम्हांला आता वाटते, आणि पुन्हा वर्गावर जाण्याचा योग आला तर फळ्यावर आधी वाफसा लिहू. असो.

गेल्या हिवाळ्यात काम काढले. घराभोवती दीड मीटर रुंदीची आणि हातभर खोलीची काळी उचलली. ती न्यायला एक शेतकरी ट्रॉली घेऊन आला. त्याचे रान मुरमाड, त्याला ही माती हवीच होती. मुरूम वीत-वीत जाडीच्या थरांनी भरला, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस चालवली. जोत्याला लागून मीटरभर रुंद काँक्रीटची पट्टी, तिला बाहेरच्या अंगाला पन्नासास एक उतार. पट्टीच्या कडेने चर, चरात खडी, खडीत भोके पाडलेला चार इंची पाइप, आणि माती आत शिरू नये म्हणून भोवती विणलेले कापड. छताचे पाणी आधी चार कोपऱ्यांत जोत्याशीच आदळत असे. शंभर चौरस मीटर छतावर पन्नास मिलिमीटर पाऊस म्हणजे पाच हजार लिटर पाणी. ते आता बंद पाइपातून चेंबरमध्ये जाते. शोषखड्ड्याचा सल्ला पुष्कळांनी दिला. काळीत शोषखड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली घागर. खालचा मुरूम किंवा तडकलेला खडक लागेपर्यंत खणले तरच तो शोषतो, आणि आमच्याकडे तो फार खोल आहे. दारापासून वृंदावनापर्यंत शहाबादी फरशीची खडबडीत वाट केली. उरलेल्या मुरमावर चार बोटे माती पसरून हरळी लावली.

हरळीसाठी पैसे मोजावे लागले नाहीत. ती म्हणजेच दूर्वा : गणपतीला वाहायची ती, आणि काळीत ज्या तणाशी शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या झुंज घेतली तेही तीच. महागड्या हिरवळींसाठी जगभर तिचीच भाईबंद लावतात. आईंनी आयुष्याची कित्येक वर्षे खुरप्याने हरळी उपटण्यात घालवली आहेत. आता तीच खुरप्याने लावताना त्या हसत होत्या. तिच्यात लव्हाळाही येईल, तुकोबांमुळे मराठी साहित्यात ज्याला कायमचे स्थान आहे तो. येऊ दे. व्हरांड्याच्या सावलीत, जिथे ऊन कधीच पोचत नाही, तिथे चिरंजीवांच्या समाधानासाठी आणि नातीच्या खेळण्यांसाठी प्लास्टिकच्या हिरवळीचा एक सहा बाय आठचा तुकडा घेतला आहे. तो उपयोगी आहे हे कबूल केले पाहिजे.

पण निचऱ्याचा खरा प्रश्न आपल्या कुंपणाच्या आत सुटत नाही. चेंबरमध्ये गोळा झालेले पाणी जायचे कुठे? जुन्या मोजणीच्या नकाशावर शेताच्या कडेने एक नाली दाखवलेली आहे. ले-आउट पाडणाऱ्याने ती बुजवून त्यावर तीन प्लॉट काढले आणि विकले. त्यामुळे आता वरच्याचे पाणी खालच्याच्या दारात जाते. खालच्या घरात एक शिक्षिका दोन मुलांसह राहतात. मागच्या भाद्रपदात त्यांच्या स्वयंपाकघरात घोटाभर पाणी होते, आणि त्यात थोडे आमच्या छताचेही असणार. आपले अंगण कोरडे करून ते पाणी अधिक वेगाने त्यांच्याकडे पाठवायचे, याला निचरा म्हणता येणार नाही. म्हणून आमचा पाइप चेंबरपर्यंत येऊन थांबला आहे आणि चेंबरचे पुढचे तोंड अद्याप बंद आहे.

सहा घरांनी मिळून रस्त्याच्या कडेने हमरस्त्याच्या मोरीपर्यंत एकशेवीस मीटरचा चर खणायचा असे ठरले आहे. मिस्त्रीने पाण्याच्या नळीने पातळी घेतली : दोनशेस एक उतार धरला तर साठ सेंटिमीटर हवेत, मिळतात सत्तर. पाच घरांनी वर्गणी दिली. सहाव्या घराचा काँक्रीटचा उतार बरोबर चराच्या वाटेवर आहे. तो फोडून खालून पाइप टाकावा लागेल, आणि मालकांच्या परवानगीशिवाय ते करता येत नाही. मालक नाशिकला असतात. फोन उचलतात, सौजन्याने बोलतात, महिनाअखेरीस येतो म्हणतात. मे अर्धा सरला आहे आणि मृग सात जूनच्या सुमारास लागतो. शिक्षिकाबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराशी विटांचे दोन थर रचून ठेवले आहेत.